नसलेला खडखडाट

सगळ्यात आधी अक्कांबद्दल. बेंगळुरूच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या ऑफिसात त्या रिसेप्शनवर बसायच्या. घर जुन्या येलहंक्यात, किती पिढ्यांपासून ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी घरापुरती, तीही कन्नडात भिजलेली. त्या दिवशी भरल्या हॉलमध्ये त्यांनी तोंड उघडलं म्हणून माझ्या वडिलांचा डावा डोळा राहिला. त्या हॉलमध्ये इंजिनियर होते, परदेशातून आलेले पाहुणे होते, आणि हातात चहाचा ट्रे घेऊन मीही होतो. आमच्यापैकी कुणालाही काही कळलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी बऱ्याच जणांची टिंगल करणार आहे आणि त्या भरात हे राहून जायला नको.

मी पेंट्रीत काम करतो. चहा, कॉफी, बिस्किटं, पाहुणे आले की काजू. शाळा आठवीत सुटली. इचलकरंजीला आमच्या घराला लागूनच पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये दोन माग. मागावरचा कामगार एके दिवशी आला नाही तो नाहीच आला, मग आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला मागावर उभं केलं. पुढं एका ओळखीच्या माणसानं बेंगळुरूला आणलं, कंत्राटदाराकडं नाव लावून दिलं. काचेची इमारत, थंड हवा, दुपारचं जेवण फुकट. या ऑफिसचे उपकार मी रोज मानतो. आणि रोज भितो. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही, नवीन माणूस लागतो, आणि तो गेटबाहेर कायम उभाच असतो. त्यातून माझं पक्कं करण्याचं बोलणं चाललं होतं, त्यामुळं भीती दुप्पट.

आमचं ऑफिस इंटरनेटवरून फोन करायचं आणि निरोप पाठवायचं ॲप बनवतं. ते ॲप आधीपासून चांगलं चालायचं. लावला की फोन लागायचा, मी बोललो की आईला ऐकू जायचं. फोनकडून माणसाला याहून जास्त काय पाहिजे असतं? पण तिथं एवढी शिकलेली माणसं दिवसभर बसलेली, त्यांना काहीतरी नवीन काढून दाखवावंच लागतं. आणि नवीन काही निघालं की बाजारात सोडण्याआधी ऑफिसातल्यांनी ते वापरून बघायचं, असा नियम. या कामाला ते लोक इंग्रजीत ‘कुत्र्याचं खाणं आपणच खाणं’ असं काहीतरी म्हणतात. मी खाण्याच्या खात्यातला माणूस. आपल्या पदार्थाला इतकं खरं नाव ठेवलेलं मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

ॲपमध्ये काय नवीन घालायचं ते ठरवणारे साहेब पुण्याचे. वयानं माझ्याएवढेच. एकदा कॉफी घेताना त्यांनी मला घरी फोनवर बोलताना ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“दादा, तूच तर आमचा रियल यूजर आहेस यार! आम्ही सगळे टेकी, आमचा फीडबॅक काय कामाचा? तू फक्त घरी फोन करत जा. तीच टेस्ट.”

“सर, माझं शिक्षण फार नाही.”

“अरे, तेच तर पाहिजे!”

मी आठवीत शाळा सोडली याचा आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी आनंद झाला.

तेव्हापासून माझ्या आई-वडिलांवर प्रयोग सुरू झाले. पहिला आला तो पाठीमागचं दृश्य बदलण्याचा. माणूस कुठंही बसलेला असो, त्याच्यामागं समुद्र दिसणार. आता आमचे आबा व्हिडिओ कॉल असला तरी फोन कानालाच लावतात. कितीदा सांगितलं, “आबा, फोन डोळ्यापुढं धरा.” तर म्हणतात, “डोळ्यानं ऐकू येतंय व्हय रं?” त्यामुळं मला कायम आबांचा कान दिसतो. यंत्राला वाटलं, चेहरा तर कुठं नाही, म्हणजे हे सगळं पाठीमागचंच सामान. त्यानं कान पुसून टाकला आणि तिथं नारळाचं झाड लावलं. आबा समुद्रातून विचारत होते, “जेवलास काय?” मी साहेबांना कळवलं, वडील गायब झाले. ते म्हणाले, “इट्स ॲन एज केस.” म्हणजे असं क्वचितच होतं. अख्ख्या इचलकरंजीत म्हातारी माणसं फोन कशी धरतात ते मी त्यांना सांगितलं नाही. फाइव्ह स्टार देऊन मोकळा झालो.

मग बोलणं संपलं की त्याचा सारांश लिहून देणारं एक निघालं. आईशी पंधरा मिनिटं बोलून फोन ठेवतोय तोवर खाली उमटलं: ‘ठळक मुद्दे. आईने जेवणाबाबत विचारणा केली. मुलाने सकारात्मक प्रतिसाद दिला. पुढील कृती: कांदा.’ कांद्याचं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. चुलत्यांकडची म्हैस मेली तो निरोप आला, तर त्याच्याखाली आयती उत्तरं हजर: ‘वा!’, ‘कधी भेटूया?’ आणि एक नाचणारा माणूस. माझा अंगठा त्या नाचणाऱ्यापासून बोटभर लांब होता. आठवलं की अजून घाम येतो.

आवाज ‘उबदार’ करणारंही एक होतं. बोलणाऱ्याचा आवाज कर्कश असेल तर ते त्याला मऊ करून ऐकवतं. साहेब सांगत होते, “इट ब्रिंग्ज वॉर्म्थ, दादा.” माझ्या आईचा आवाज उबदारच आहे साहेब, ताप तुमच्या यंत्राला आलाय, असं मी म्हणालो. मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, “एकदम भारी, सर.”

पण साहेबांना खरा शोध लागला तो आमच्या मागांचा. माग चालू असताना आमच्या घरात कुणी बोलत नाही, ओरडतात. माग म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. धोटा, म्हणजे बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा तो लाकडी होडीसारखा तुकडा, मिनिटाला शंभरच्या वर फेऱ्या मारतो आणि दर फेरीला दणका. दोन मागांचे दोन दणके, वर पत्रा. आमच्या गल्लीत प्रेमानं बोललेलं शेजारच्या गल्लीत भांडण म्हणून ऐकू जातं. माझी आई शेडच्या दारात बसून कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते, आणि तिथूनच माझ्याशी बोलते. तीन शब्द ओरडायचे, दम घ्यायचा, परत तीन शब्द.

साहेबांनी ते ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडं बघत राहिले. “दादा, हा नॉइज गोल्ड आहे! कुठं मिळतो रे असा?”

“मिळत नाही सर. घरातच असतो.”

त्यांचं गोंगाट पुसणारं यंत्र तयार होत होतं आणि त्याला जगातला सगळ्यात वाईट गोंगाट पाहिजे होता. तो आमच्या घरात निघाला. मी एका खिडकीत ‘मान्य आहे’ला टिचकी मारली आणि माझे घरचे फोन तपासणीसाठी साठवायला सुरुवात झाली. कशाला मान्यता दिली ते इंग्रजीत चार पानं होतं. साहेबांनी मला एक टीशर्ट दिला, छातीवर लिहिलेलं, ‘मी खरा यूजर’. तो घालून चहा द्यायचा.

पहिल्या खेपेला यंत्रानं आईला पुसलं आणि माग ठेवला. मी “आई? आई?” करतोय आणि पलीकडून नुसता खडखडाट, स्वच्छ, सुरेख. दुसऱ्या खेपेला आईचे अर्धे शब्द यायचे, अर्धे मागाबरोबर जायचे. “येळं... खा... जा... पोरा.” ती बिचारी जास्तच ओरडायची. तिसरी खेप आठवतही नाही. मी प्रत्येक वेळी पाच चांदण्या देत गेलो. यंत्र सुधारलं कसं, देव जाणे, माझ्यामुळं तर नक्की नाही.

चौथ्या खेपेला मी जिन्यात बसून फोन लावला आणि शांतता. आई म्हणाली, “बरा हाईस न्हवं? थंडी लय पडतीया व्हय तिकडं? डोक्याला बांधत जा.” सलग. हळू. एकही दणका नाही. मी तीस वर्षांचा होत आलो, फोनवर आईचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, एका यंत्रानं माग पुसला, दुसऱ्यानं आवाज मऊ केला, आणि मधून माझी आई निघाली. डोळे भरून आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून पाच चांदण्या दिल्या. साहेबांना जाऊन सांगितलंही, “सर, माग चालू आहे असं वाटतच नाही.” साहेबांनी उडी मारली. शब्दशः मारली, कॉफी सांडली, मी पुसली.

पुढं दोन आठवडे तसंच. आबा फोनवर येईनात. “मोठी ऑर्डर हाय, मागावरनं हलत न्हाईत,” आई सांगायची. मला बरंच वाटलं. काम आहे म्हणजे चांगलंच की.

मग परदेशातले पाहुणे आले आणि साहेबांनी हॉलमध्ये सगळ्यांना ते दाखवायचं ठरवलं. अक्का पाहुण्यांचे पास वाटून दाराशी उभ्या होत्या. मी चहा फिरवत होतो. साहेबांनी पडद्यावर शेडचा फोटो लावला, आमचा नव्हे, कुठलातरी, आणि आधी महिन्याभरापूर्वीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. हॉल हादरला. माझी आई बेंगळुरूच्या त्या गार हॉलमध्ये ओरडत होती, “जेवान केलंस काय! ... भाजी कसली हुती!” पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले, हसले. मग साहेबांनी बोट वर केलं आणि त्या आठवड्यातलं दुसरं ऐकवलं. शांत. नुसती आई. टाळ्या पडल्या. साहेब माझ्याकडं हात करून म्हणाले की हा आमचा खरा यूजर, याच्या घरात आत्ता या क्षणी माग चालू आहेत. मी मान डोलावली.

“स्वल्प थांबा,” दाराकडून आवाज आला. “ते दुसरं परत लावा.”

“अक्का, प्रश्न शेवटी घेऊया.” साहेब हसून इंग्रजीत म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला मला विचारलं, “तम्मा, तुझी आई हळू का बोलते रे?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या मला तसंच म्हणायच्या. मी म्हणालो, “अक्का, ते मशीननं...”

“मशीननं गोंगाट काढला, सरी, बरोबर. तुझ्या कानातला काढला. तिच्या कानातला कसा काढेल? ती तर मागाजवळच बसलीय ना? मग ओरडत का नाही?”

साहेब मराठीत उतरले. “अक्का, आवाजाची पट्टी खाली आणणारं वेगळं फीचर आहे.”

“पट्टी खाली आणाल हो. दम कुठून आणाल? पहिल्यात ती तीन शब्द बोलून श्वास घेते. दुसऱ्यात सलग बोलते, भिंतीला कान असल्यासारखी. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सगळ्यांकडं माग होते. ओरडणारं माणूस असं बोलतच नाही. तम्मा, तुमचा माग बंद आहे.”

पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, ते कौतुकानं हसत होते.  मागवाल्याचा मुलगा मी. लाइट गेली, मागांचा आवाज थांबला की अख्खी गल्ली आपोआप खालच्या आवाजात बोलायला लागते, हे मी जन्मापासून बघत आलोय. आणि दोन आठवडे मी एका यंत्राचे आभार मानत होतो, ज्यानं काहीच केलं नव्हतं. पुसायला तिथं काही नव्हतंच.

अक्कांनी माझ्या हातातून ट्रे घेतला, टेबलावर ठेवला आणि मला बाहेर आणलं. “ते ॲप नको. साधा फोन लाव. आत्ता.”

“अक्का, ड्युटी आहे.”

“लाव म्हणते ना!”

पाण्याच्या मशीनजवळ उभा राहून लावला. आईनं उचलला. मागं एक कोंबडा ओरडला, तोसुद्धा स्पष्ट ऐकू आला.

“आई, माग चालू हाय काय?”

“हाय की. न चालायला काय झालंय?”

“मग वराडत का न्हाईस?”

  ती रडायला लागली. धोटा उडून आबांच्या डाव्या डोळ्यावर बसला होता, अठरा दिवसांपूर्वी. गल्लीतल्या डॉक्टरनं थेंब दिले होते, सूज उतरली होती. “तुझं काम पक्कं व्हायच्या टायमाला कशाला सांगायचं म्हणून ह्येंनीच शपथ घातली. बरं हुतंय म्हणत हुते. आता कालपास्नं म्हणत्यात, एका बाजूनं काळा पडदा सरकत आल्यागत दिसतंय.”

अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. “ताई, मी याच्याबरोबर काम करते. पडदा दिसतोय म्हणतात ना? मग थेंब पुरे झाले. आज त्यांना डोक्याला धक्का लागू देऊ नका. उद्या हा येतो, मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं.” फोन मला परत देत म्हणाल्या, “आमच्या आत्याचा डोळा असाच गेला. पडदा सांगत होती, आम्ही हसत होतो. जा.”

मी जागचा हललो नाही. लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी मी आबांच्या डोळ्याचा विचार करत नव्हतो. न विचारता रजा घेतली तर पक्कं करणं बोंबलेल, हा विचार करत होतो. अक्कांना ते दिसलं असणार. म्हणाल्या, “सुपरवायझरला मी बघते. तू असा उभा राहिलास तर मी तुझ्या डोक्यावर ते पाणी ओतीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इचलकरंजीत उतरलो, दुपारी मिरजेत होतो. डॉक्टरनी तपासलं आणि बाहेर येऊन माझ्यावरच डाफरले. आतला पडदा सुटत चालला होता. “अजून आठवडाभर बसला असतात तर मग आलाही नसतात तरी चाललं असतं,” म्हणाले. ऑपरेशन झालं. डोळा राहिला. अंधुक दिसतं, मागावरची बारीक तार, म्हणजे तुटलेला धागा, त्या डोळ्यानं सापडत नाही, पण दाराशी कोण उभं आहे ते आबा ओळखतात. पट्टी काढली त्या दिवशी मला ओळखून म्हणाले, “टक्कल पडाय लागलंय की रं तुला.” त्या वाक्यासाठी मी काहीही दिलं असतं.

परत आलो तर रिसेप्शनवर दुसरीच मुलगी. अक्कांना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसात पाठवलं होतं. येलहंका शहराच्या या टोकाला, ते त्या टोकाला. जायला बस बदलत दोन-अडीच तास, यायला तेवढेच. पाहुण्यांसमोर कार्यक्रम बिघडवला म्हणून. तसं लिहिलेलं कुठं नव्हतं, ‘गरजेनुसार’ असं लिहिलं होतं.

आणि आता जे लिहायचं टाळत होतो ते. बदलीआधी एक चौकशी झाली होती. मी मिरजेत असताना प्रशासनाच्या बाईंचा फोन आला. “तुम्ही हॉलमध्ये होतात. त्या दिवशी नक्की काय झालं? मॅडम उगाच मध्ये बोलल्या का?” मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा. आत आबांचा डोळा बांधलेला. मी म्हणालो, “मला काही ठाऊक नाही, मॅडम. मी चहा देत होतो.”

एवढंच. त्यानंतर महिन्याभरात मी पक्का झालो.

गोंगाट पुसणारं यंत्रही बाजारात आलं. ‘यंत्रमागाच्या शेडमधूनही आईचा आवाज स्पष्ट’ अशी त्याची जाहिरात आहे. साहेबांना बढती मिळाली, पेढे मीच फिरवले. खरा माग चालू असताना ते यंत्र काय करतं ते त्यांनी परत कधी तपासलं नाही, मी तपासलं. आबांनी एक माग सुरू केलाय. यंत्र अजूनही आईला मधून मधून खातं. मी ते बंद करून ठेवलंय. दर फोनला पडद्यावर विचारतं, ‘गोंगाट आढळला, काढून टाकू?’ मी ‘नको’ दाबतो आणि आई ओरडत बसते. ऐकून कान दुखतात, दुखू देत.

अक्कांना फोन केला होता. म्हणाल्या, “अय्यो, मला काय झालंय? बस उड्डाणपुलावरून जाते, अर्धं गाव फुकटात दिसतं. इथला ए.सी. जरा जास्त गार, एवढंच. आबांचा डोळा कसा आहे ते सांग.” डोळ्याचं सांगितलं. चौकशीत काय बोललो ते सांगायचं होतं, पण आबांनी माग सुरू केल्याचं तेवढं सांगून फोन ठेवला. त्यांना ते कळलेलं असेल. कळून त्या असं बोलल्या असतील तर मग मला जास्तच जड आहे.

अक्का, तुमच्या वयाला रोजचे पाच तास बसमध्ये जातायत आणि त्यातलं निम्मं माझ्या एका वाक्यामुळं. मी भित्रा माणूस आहे, म्हणून तारीख सांगत नाही. पण एक दिवस मी त्या प्रशासनाच्या बाईंच्या केबिनमध्ये जाणार, त्यांनी बोलावलं नाही तरी जाणार, आणि सांगणार, की त्या दिवशी मी हॉलमध्ये होतो, मी सगळं ऐकलं, आणि तिथं खरं बोललेलं माणूस एकच होतं. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्हाला हेब्बाळला परत आणूनच मी तुमचं ऋण फेडीन.